अवघड जागेचं दुखणं आणि कपाळाची कातडी

सोयाबीनची काढणी सुरू झाली की मराठवाड्यात हडंबे, म्हणजे मळणीयंत्रं, रात्रंदिवस चालतात. धोतराचा सोगा फिरत्या पट्ट्यात गेला, तर कापडाबरोबर जांघेतली कातडीही सोलून निघते. लिंगाची आणि अंडकोशाची, म्हणजे वृषणांच्या पिशवीची, कातडी आत सैल बसलेली असते, त्यामुळे ती मोज्यासारखी उतरते. आतला अवयव मात्र बऱ्याचदा शाबूत राहतो.

तिथली कातडी जाण्याचं दुसरं कारण फोर्निए गँगरीन. साखर वाढलेल्या माणसाला जांघेत साधं गळू होतं आणि बघता बघता कातडी काळी पडत जाते. पॅरिसच्या जाँ आल्फ्रेद फोर्निए यांनी १८८३ साली पाच तरुणांवरून त्याचं वर्णन केलं. सडलेलं सगळं कापून काढल्याशिवाय जीव वाचत नाही. वृषणांना रक्त थेट पोटातल्या महाधमनीतून येतं, म्हणून ते बहुधा टिकतात. पण उघडे पडतात. ते झाकायचे कशाने?

याचं उत्तर पुण्यापाशी सापडतं. इंग्रज फौजेचा गाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे विटा करणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने ते नव्याने बसवलं. मेणाची पातळ चकती थोट्या नाकावर घडवायची, ती सपाट करून कपाळावर ठेवायची, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र कापायची नाही. त्या देठातून रक्त येत राहतं, कातडी जगते. टाके नाहीत, काताचा लेप लावलेल्या कापडाने सगळं धरून ठेवायचं. पंचवीसेक दिवसांनी देठ तोडायचा. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली आणि वीस वर्षांनी तिथे सर्जन कार्प्यू यांनी हीच रीत करून पाहिली. पुण्याच्या त्या माणसाचं नाव कुणी लिहूनही ठेवलं नाही, याचा मला अजून राग येतो.

फ्लॅप म्हणजे अशीच देठासकट उचललेली कातडी. ग्राफ्ट म्हणजे पूर्ण सोडवून दुसरीकडे लावलेली कातडी; तिला स्वतःचं रक्त नसतं, ती खालच्या जखमेच्या भरवशावर तगते. फ्लॅप आपली शिदोरी घेऊन येतो. १९७२ साली मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी जांघेतल्या रक्तवाहिनीवर बेतलेला फ्लॅप मांडला. १९८९ साली सिंगापूरच्या वी आणि जोसेफ यांनी मांडीच्या आतल्या बाजूचा फ्लॅप योनीमार्ग घडवण्यासाठी वापरला. त्यात संवेदनाही टिकते. पुढे अंडकोशासाठीही तो कामी आला. जाडसर फ्लॅपने वृषणांना ऊब जास्त मिळते, आणि त्यांना तर शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. म्हणून ज्याला अजून मूल हवंय त्याच्या बाबतीत सर्जन पातळ कातडी शोधतात.

औरंगाबादचं, आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, सरकारी मेडिकल कॉलेज १९५६ चं. गावोगावचे लोक त्याला घाटीच म्हणतात. पण घाटीची वाट धरण्याआधीच दिवस जातात. ‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्याकडे उगीच रुळलेली नाही. बाईला सांगायचं नाही, पोराला दाखवायचं नाही, हळद लावून बसायचं. आणि काळा डाग तळहाताएवढा होतो तो याच दिवसांत.