मनातल्या शहराची डावी बाजू

इटलीतल्या मिलान शहराच्या मध्यभागी, तिथल्या भव्य कॅथेड्रलसमोर एक विस्तीर्ण चौक आहे, पियात्सा देल दुओमो. १९७८ साली बिसिआक आणि लुझात्ती या दोन संशोधकांनी मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या दोन रुग्णांना हा चौक मनासमोर आणायला सांगितला. दोघेही मिलानचेच, चौक त्यांच्या पायाखालचा. पहिली सूचना अशी होती : कॅथेड्रलच्या समोरच्या टोकाला, त्याच्याकडे तोंड करून उभे आहात असं समजा आणि काय काय दिसतं ते सांगा. दोघांनीही इमारती, दुकानं, रस्ते सांगितले, पण जवळजवळ सगळे उजव्या हाताचे. डाव्या बाजूचं फारसं काही आलंच नाही. मग त्यांना सांगितलं, आता मनानेच पलीकडे जा, कॅथेड्रलच्या दारात उभे राहा आणि चौकाकडे बघा. या वेळी मघाशी राहून गेलेली नावं सहज आली. आणि मघाशी बिनचूक सांगितलेल्या इमारती मात्र गळाल्या, कारण आता त्या डाव्या हाताला आल्या होत्या.

मेंदूविज्ञानातल्या ज्या प्रयोगांबद्दल मी वाचलं आहे, त्यांत मला हा सर्वांत विलक्षण वाटतो. अवघड यंत्र नाही, फक्त दोन प्रश्न. उजव्या पॅरायटल भागाला, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाला, इजा झालेल्या काही रुग्णांचं लक्ष डावीकडे जातच नाही. डोळे धड असूनही ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं, दाढी करताना डावा गाल राहून जातो. हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. पण इथे समोर चौक नव्हताच! तो मनात होता, आणि तिथेही डावी बाजू हरवली होती. बरं, आठवण पुसली गेली म्हणावं तर तसंही नाही. दोन्ही उत्तरं एकत्र केली तर अख्खा चौक तयार होतो.

आपल्यालाही हे करून पाहता येईल. मुंबईत महापालिकेच्या इमारतीपाशी उभं राहून समोर सीएसएमटी स्थानक बघतो आहोत असं मनात आणा. क्रॉफर्ड मार्केट डावीकडे, जीपीओ उजवीकडे. आता स्थानकाच्या बाजूने महापालिकेकडे बघा. मनात सगळं शहर सर्रकन फिरतं आणि क्रॉफर्ड मार्केट उजव्या हाताला येतं. भिंतीवरचं चित्र असं फिरत नाही. मनातल्या शहरात आपण कुठेतरी उभे असतो, कुणीकडे तरी तोंड करून असतो, आणि जे आठवतं ते तिथून दिसणारं असतं.

म्हणजे बघणं आणि कल्पना करणं एकच आहे का? तसंही नाही. १९९३ साली इटलीतूनच एका अशा रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली, ज्याला समोरच्या जगाची डावी बाजू व्यवस्थित कळत होती, पण मनात आणलेल्या जागांची डावी बाजू नाहीशी झाली होती. दोन्हींची यंत्रणा बरीच सामाईक असावी, पूर्ण नव्हे.

मनातलं शहर हे चित्र नव्हे, याचा आणखी एक पुरावा अगदी वेगळ्या लोकांकडून आला. काही माणसांना मनासमोर काहीच दिसत नाही. आईचा चेहरा, घराचं दार, काहीही आठवलं तरी प्रतिमा उमटत नाही. या स्थितीला अफँटेशिया म्हणतात. अशा लोकांना खोल्यांचे फोटो दाखवून नंतर आठवणीतून रेखाटायला लावलं, तेव्हा त्यांनी वस्तू कमी काढल्या, रंग-तपशीलही कमी भरले. पण काढलेल्या वस्तूंच्या जागा इतरांइतक्याच अचूक होत्या. डोळ्यांसमोर काही न येताही कुठे काय आहे हे त्यांना ठाऊक होतं.

याच्या बरोबर उलट अवस्था २००७ साली लंडनमध्ये समोर आली. डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचा अभ्यास केला. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा आतला छोटा भाग, निकामी झाल्याने त्यांना नव्या आठवणी साठवता येत नव्हत्या. त्यांना आठवायला नव्हे, कल्पना करायला सांगितलं : पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पडला आहात, किंवा एखाद्या संग्रहालयाच्या मोठ्या दालनात उभे आहात. एकाचा अपवाद वगळता त्यांचं वर्णन तुकड्यातुकड्यांत आलं. एका रुग्णाला समुद्राचा आवाज येत होता, पक्षी ऐकू येत होते, बोटांमधली वाळू जाणवत होती. पण बघायला म्हणून निळ्या रंगापलीकडे काही नव्हतं. वस्तू होत्या, त्या मांडायला जागा नव्हती. संशोधकांनी चित्रं, आवाज, वास असा आधार दिला, तरी फारसा फरक पडला नाही.

हिप्पोकॅम्पसचंच नाव इथे यावं यात नवल नाही. १९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदरांच्या याच भागात अशा पेशी सापडल्या होत्या, ज्या उंदीर विशिष्ट जागी पोहोचला की सक्रिय होतात. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने २००५ साली शेजारच्या भागात, जागेवर जाळं टाकावं तशा ठरावीक अंतरांवर चेतणाऱ्या पेशी शोधल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. पण कल्पित शहरांच्या दृष्टीने मला २०१५ चा एक प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. उंदराला एका फाट्यापर्यंत जाऊ दिलं. तिथून पुढे दोन वाटा, दोन्ही पारदर्शक अडथळ्याने बंद, आणि त्यांतल्या एका वाटेवर खाणं ठेवलेलं त्याला दिसलं. मग त्याला विश्रांतीसाठी दुसरीकडे नेलं. तिथे त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी विशिष्ट क्रमाने चेतत होत्या. नंतर तो खरोखर त्या खाण्याच्या वाटेने चालला, तेव्हा त्याच पेशी त्याच क्रमाने चेतल्या. पाऊल न ठेवलेल्या वाटेचा आराखडा आधीच रचला जात होता. उंदराच्या मनाला काय जाणवलं हे त्याला विचारता येत नाही, हे खरं. पण रस्ता शोधणारं यंत्र न पाहिलेल्या जागेसाठीही चालतं, एवढं यातून दिसतं.

म्हणूनच मला वाटतं, कल्पित शहरांची पकड इतकी घट्ट असते. त्यांच्यासाठी मेंदूत वेगळी, हलकीफुलकी खोली नाही. ज्या यंत्रणेने आपण घरी परततो, तिच्यातच ती उभी राहतात. इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावी १८२६ साली वडिलांनी आणलेल्या खेळण्यातल्या सैनिकांवरून ब्राँटे भावंडांनी, म्हणजे पुढे कादंबरीकार झालेल्या तीन बहिणी आणि त्यांचा भाऊ ब्रॅनवेल यांनी, ग्लास टाउन नावाचं नगर रचलं. पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी अँग्रिया हे राज्य उभारलं. १८३९ च्या सुमारास, विशीत असलेल्या शार्लटने त्या जगाचा निरोप घेण्याबद्दल लिहिलं. घराच्या उंबरठ्यावर उभं राहून आतल्या माणसांचा निरोप घेतो आहोत असं तिला वाटत होतं. नवी पात्रं मनात आणू लागली की जणू दूरच्या देशात आलो, जिथला एकही चेहरा ओळखीचा नाही. हा साहित्यिक अलंकार नसावा. तेरा वर्षं रोज ये-जा केलेल्या गावातून तिला बाहेर पडायचं होतं.

लंडनच्या टॅक्सीचालकांवरचा अभ्यास इथे आठवतो. परवान्यासाठी त्यांना सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शिकाऊ उमेदवारांचे मेंदू आधी आणि नंतर तपासले. जे उत्तीर्ण झाले, त्यांच्याच हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला होता. हे खऱ्या रस्त्यांबद्दल झालं. कल्पित नगरात वर्षानुवर्षं वावरल्यानेही तसंच काही घडत असेल, हा माझा तर्क आहे, मोजमाप नव्हे.

मात्र कल्पित जागा आठवणींचा भार पेलू शकते, हे मोजलं गेलं आहे. ओळखीच्या घरातून मनाने फिरत जागोजागी लक्षात ठेवायच्या गोष्टी ठेवत जाण्याची युक्ती ग्रीक-रोमन काळापासून चालत आली आहे. २०१७ च्या एका अभ्यासात सामान्य माणसांना रोज अर्धा तास याप्रमाणे सहा आठवडे ही युक्ती शिकवली. आधी ७२ शब्दांच्या यादीतले २६ ते ३० शब्द त्यांना आठवत. नंतर त्यात सरासरी ३५ शब्दांची भर पडली. आणि त्यासाठी घर स्वतःचंच हवं असंही नाही. २०१२ सालच्या प्रयोगात काहींना संगणकावरच्या, कधी न पाहिलेल्या इमारतीत केवळ पाच मिनिटं फिरवलं. स्वतःच्या ओळखीच्या घराचा आधार घेणाऱ्यांइतकेच शब्द त्यांनाही आठवले.