१६८५ : आतून पोखरलेलं फर्मान

फ्रान्सच्या इतिहासात १६८५ हे साल आलं की लुई चौदाव्याची एक सही आठवते. ऑक्टोबर महिन्यात फाँतेनब्लोच्या राजवाड्यात त्याने नांतचं फर्मान रद्द केलं आणि देशातल्या प्रोटेस्टंटांची, म्हणजे ह्यूगनोंची, उपासना बेकायदा ठरवली. पण हा घाव एका दिवसात पडला असं मानणं चूक आहे. त्याआधीची पंचवीसेक वर्षं पाहिल्याशिवाय ते साल कळत नाही.

नांतचं हे मूळ फर्मान १५९८ सालचं, फ्रान्सचा राजा आंरी चौथा याचं. तो स्वतः प्रोटेस्टंट म्हणून वाढला आणि १५९३ मध्ये कॅथलिक झाला. तीसेक वर्षांच्या धर्मयुद्धांनी देश पिळून निघाल्यावर त्याने ह्यूगनोंना ठरावीक ठिकाणी उपासनेचा हक्क, सरकारी पदं आणि स्वतःची तटबंदीची शहरं दिली. १६२८ मध्ये राजाचा मंत्री रिशलिए याने ला रोशेल हे ह्यूगनोंचं तटबंदीचं शहर उपासमारीने नमवलं आणि पुढच्याच वर्षी ही लष्करी ताकद काढून घेतली. उपासनेचा हक्क मात्र शाबूत राहिला.

१६६१ मध्ये लुईने कारभार हाती घेतला, आणि फर्मानाचा शब्दशः अर्थ लावायला सुरुवात झाली. जे स्पष्ट लिहिलेलं नाही, ते मना! या एका युक्तिवादावर कितीतरी प्रार्थनागृहं पाडली गेली. १६६२ मध्ये हुकूम निघाला की ह्यूगनोंनी मयत न्यायची ती पहाटे किंवा अंधार पडताना. घरातलं माणूस गेलेलं, आणि त्याला भर दिवसा निरोप द्यायचीही सोय नाही. मला तर सगळ्या मोठ्या फर्मानांपेक्षा हा लहानसा हुकूमच जास्त बोचतो. १६८० मध्ये प्रोटेस्टंट सुइणींना बाळंतपणं करायला बंदी झाली. १६८१ मध्ये तर सात वर्षांच्या मुलालाही धर्म बदलायची मुभा मिळाली, आई-बापांना न विचारता.

त्याच वर्षी पश्चिमेकडच्या प्वातू प्रांतात ड्रॅगून, म्हणजे घोडदळाचे, सैनिक ह्यूगनोंच्या घरांत घुसवले गेले. त्यांचं खाणंपिणं घरमालकाने बघायचं. सैनिक सामान मोडायचे, माणसांना मारायचे, रात्ररात्र ढोल बडवून झोपू द्यायचे नाहीत. धर्म बदलला की मुक्काम हलायचा. १६८५ च्या उन्हाळ्यात हाच प्रकार नैर्ऋत्येकडच्या बेआर्न प्रांतात आणि मग सगळ्या दक्षिणेत झाला. सैनिक येताहेत एवढ्या बातमीनेच गावंच्या गावं कॅथलिक झाल्याच्या याद्या दरबारात पोचू लागल्या. म्हणूनच नव्या फर्मानाच्या प्रस्तावनेत कारण दिलं ते असं: या पंथाचे बहुतेक लोक कॅथलिक झालेच आहेत, तेव्हा नांतच्या फर्मानाची आता गरज उरली नाही.

ह्यूगनोंच्या पाद्र्यांना पंधरा दिवसांत देश सोडायला सांगितलं; बाकीच्यांना मात्र सीमा बंद. पळताना सापडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायची जन्मठेप, बायकांना कैद. तरी दीड ते दोन लाख माणसं निसटली: हॉलंड, लंडन, बर्लिन, काही थेट आफ्रिकेच्या टोकाला. त्यांच्याबरोबर रेशीम विणणारे, घड्याळं बनवणारे हातही गेले.

मागे राहिलेल्यांची कायद्याला ओळखच उरली नाही. जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी कॅथलिक चर्चकडे असल्यामुळे रानावनात लपून केलेलं लग्न लग्न ठरेना, आणि त्यातून झालेली मुलं औरस ठरेनात. मारी द्युरां ही तरुण मुलगी भाऊ ह्यूगनो पाद्री होता म्हणून १७३० मध्ये दक्षिणेतल्या एग-मोर्त गावच्या बुरुजात कोंडली गेली आणि सुटली ती १७६८ मध्ये, अडतीस वर्षांनी. ह्यूगनोंच्या जन्म-लग्न-मृत्यूची नोंद सरकारदरबारी होऊ लागली ती १७८७ च्या फर्मानानंतर. तोवर शंभरावर वर्षं उलटली होती.