पार्श्वभूमी : लेकुरवाळ्या घरातला नाताळ आणि मिस्सेची बदललेली वेळ

तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन २४ डिसेंबरच्या रात्री कोणत्या मिस्सेला (कॅथलिकांच्या चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला) जायचं, हा प्रश्न आता वसईत आणि मुंबईच्या गावठाणांत घरोघरी निघतो. आपल्या आजी-आजोबांच्या वेळी तो निघतच नव्हता. मिस्सा मध्यरात्री असे, मूल पेंगत असे आणि त्याला शालीत गुंडाळून खांद्यावर टाकून नेलं जाई. आता अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांत, मैदानावरची मिस्सा संध्याकाळी उशिरा सुरू होते आणि रात्री दहाच्या आत आटोपते. त्याबरोबर घराचं सगळं वेळापत्रक सरकलं. मुलाला जेवू कधी घालायचं, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात बाळ येशू कधी ठेवायचा, केक कधी कापायचा, सगळंच नव्याने ठरवावं लागलं. या बदलावर वाद पुष्कळ होतो, पण तो कसकसा घडत आला हे एकत्र कुणी सांगत नाही.

नाताळच्या तीन मिस्सा आहेत : रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. रोममध्ये रात्रीच्या मिस्सेची प्रथा पाचव्या शतकापासूनची मानली जाते. मात्र मध्यरात्रीच्या आग्रहामागे आणखी एक व्यावहारिक कारण होतं, आणि त्याचा आज बहुतेकांना विसर पडला आहे. ते कारण म्हणजे उपवास. पूर्वी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायचा तर आदल्या मध्यरात्रीपासून अन्नाचा कण आणि पाण्याचा थेंबही चालत नसे. त्यामुळे मिस्सा सकाळीच होत आणि संध्याकाळच्या मिस्सेला नियमात जागाच नव्हती; नाताळची रात्रीची मिस्साही मध्यरात्रीच्या अलीकडे आणता येत नसे. १९५३ मध्ये रोमने, म्हणजे पोपने, पाण्याने उपवास मोडत नाही असं ठरवलं आणि संध्याकाळच्या मिस्सेला परवानगी देण्याचा अधिकार बिशपांना दिला. १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. म्हणजे आज आठ वाजता मिस्सा होते ती होऊ शकते याचं मूळ सत्तर वर्षांपूर्वीच्या या सवलतीत आहे. ‘संध्याकाळची मिस्सा म्हणजे परंपरा मोडली’ असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाहावा. परंपरेने ही दारं स्वतःच उघडली होती, आपण त्यांतून आत गेलो ते बरंच उशिरा.

त्याच सुमाराला दुसरी मोठी गोष्ट घडली. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर) मिस्सा लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागली. लहान मुलांच्या दृष्टीने मला हा बदल वेळेच्या बदलापेक्षाही मोठा वाटतो. तोवर मूल मिस्सेला जाई ते मेणबत्त्या, धूप आणि गर्दी बघायला. मराठी उपासना सुरू झाल्यावर त्याला मेंढपाळांची गोष्ट कळू लागली, आणि घरी आल्यावर गोठ्यापुढे बसून तीच गोष्ट पुन्हा सांगता येऊ लागली.

तरीही मध्यरात्र टिकली. सत्तर, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत वसईच्या गावांत चर्चमध्ये माणसं मावेनाशी झाली तेव्हा मिस्सा बाहेर मैदानात आली, मांडव पडले, खुर्च्या आल्या आणि अर्थातच ध्वनिक्षेपक आले. वादाचं बीज इथे आहे.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू केले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत वापर असेल तर मुभा. २००२ मध्ये दुरुस्ती झाली : सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आवाजाबद्दल सविस्तर निकाल दिला आणि ही १५ दिवसांची सवलत ग्राह्य धरली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा धर्मस्वातंत्र्याचा भाग नाही असं स्पष्ट केलं.

नाताळाच्या दृष्टीने यातली मेख १२ या आकड्यात आहे. इतर सणांना १२ पर्यंतची सवलत म्हणजे दोन तास जास्त मिळाले. मध्यरात्रीच्या मिस्सेचा कार्यक्रम सुरूच होतो १२ वाजता. सवलतीच्या यादीत नाताळचा दिवस असो वा नसो, मैदानावरच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला तिचा उपयोग शून्य. त्यामुळे धर्मग्रामांपुढे तीन वाटा उरल्या. मिस्सा चर्चच्या आत घ्यायची आणि निम्मी माणसं बाहेर उभी ठेवायची. ध्वनिक्षेपकाशिवाय मैदानात घ्यायची, जे हजारोंच्या गर्दीत अशक्य. किंवा वेळ अलीकडे आणायची. बहुतेकांनी तिसरी निवडली. जिथे चर्च मोठं आणि गर्दी कमी, तिथे आत मध्यरात्रीची मिस्सा राहिली. काही ठिकाणी दोन्ही होतात : मैदानात संध्याकाळची, आत मध्यरात्रीची.

हा निर्णय सहज पचला नाही. ज्येष्ठांचं म्हणणं आजही असं की बाराचे ठोके आणि घंटा यांच्याशिवाय नाताळ सुरू झाल्यासारखा वाटत नाही. परतताना कुडकुडत घरी येणं, दोन वाजता कॉफी आणि केक, शेजारच्या घरात जाऊन ‘नाताळच्या शुभेच्छा’ म्हणणं, हे सगळं त्या वेळेला बांधलेलं होतं. दुसरा एक गट विचारतो की सवलती देताना आमचा सण मोजला का जात नाही. ही तक्रार अगदी निराधार नाही, कारण कोणते १५ दिवस हे दरवर्षी सरकार ठरवतं आणि यादी बदलत राहते. पण वर सांगितल्याप्रमाणे अडचण यादीपेक्षा नियमाच्या रचनेत आहे, आणि ती नीट मांडली गेली नाही. तिसरा आवाज तरुण आईबापांचा. तो सभांमध्ये सर्वांत कमी ऐकू येतो, कारण त्या वेळी ते मुलांना झोपवत असतात.

त्या आवाजाला इथे जरा जास्त जागा देतो. संध्याकाळच्या मिस्सेला मूल जागं असतं. ते गातं, गोठा बघतं, प्रश्न विचारतं. आजारी मुलाला घरी ठेवून आई किंवा बाबा एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने मध्यरात्री एकटं जायचं, ही पूर्वीची वाटणी आता करावी लागत नाही, कारण कुणी आठला जातं, कुणी सकाळी. आणि सर्वांत मोठं म्हणजे दहाला घरी आल्यावर मध्यरात्रीपर्यंतचे दोन तास घराच्या वाट्याला येतात. मला हे नुकसान वाटत नाही. जी मध्यरात्र चर्चच्या मैदानात होती ती अनेक घरांत गोठ्यापुढे आली आहे : दिवे मालवायचे, एक गाणं म्हणायचं आणि घरातल्या सगळ्यांत लहानाने रिकाम्या गव्हाणीत बाळ येशू ठेवायचा. मूल बारापर्यंत टिकत नसेल तर साडेदहाला ठेवावा.

वेळ हलवणं ही आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. रोममध्ये पोपच्या नाताळच्या रात्रीच्या मिस्सेची वेळ २००९ मध्ये मध्यरात्रीऐवजी १० करण्यात आली. २०२० मध्ये इटलीतल्या संचारबंदीमुळे ती साडेसातला झाली.

त्याच २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्रातही २२ तारखेपासून महापालिका हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६ अशी संचारबंदी होती. चर्चमध्ये एका वेळी ५० पेक्षा जास्त माणसं नकोत, आणि साठीवरच्यांनी व दहा वर्षांखालच्या मुलांनी शक्यतो घरीच राहावं, अशी सूचना निघाली. गोठ्यापाशी कायम बसणारे दोघे, म्हणजे आजी-आजोबा आणि नातवंडं, नेमके तेच घरी राहिले. मिस्सा मोबाइलवर लागली. लहान मुलांसाठी घरात प्रार्थनेची एक जागा असावी, तिथे वाचन मोठ्याने व्हावं, मुलाने काहीतरी हाताने करावं, या गोष्टी अनेक कुटुंबांना त्या वर्षी प्रथमच स्वतःच्या स्वतः कराव्या लागल्या. त्यातल्या काही पुढेही राहिल्या.

हाताने करायच्या गोष्टींत गोठा सर्वांत जुना. अस्सिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात जिवंत बैल-गाढव उभे करून गव्हाणीचं दृश्य मांडलं, तिथून ही प्रथा लोकांच्या हाती आली. आपल्याकडे तिला इथल्या मातीचा आकार मिळाला. लाल माती, पेंढा, सुरूच्या फांद्या, आणि गोठ्यापुढचं हिरवं कुरण म्हणून आधी आठ-दहा दिवस पेरलेले गहू किंवा नाचणी. मुलाला वाट पाहणं शिकवायला या पेरणीइतकं चांगलं साधन मला दुसरं माहीत नाही. रोज पाणी घालायचं, रोज बघायचं. १९६९ पासून रोममध्ये आगमन काळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) तिसऱ्या रविवारी मुलं आपापल्या घरातल्या गोठ्यातला बाळ येशू चौकात घेऊन येतात आणि पोप त्या मूर्तींना आशीर्वाद देतात. आपल्या काही धर्मग्रामांतही असं करता येईल, त्याला परवानगी कुणाची लागत नाही.

आगमन काळातल्या बाकीच्या दोन वस्तू, चार मेणबत्त्यांचं चक्र आणि २४ खिडक्यांचं कॅलेंडर, या जर्मन आणि मुळात प्रोटेस्टंट घरांतल्या. चक्राची सुरुवात १८३९ मध्ये हॅम्बुर्गला निराधार मुलांच्या एका वसतिगृहात झाली. ‘नाताळ कधी?’ असं मुलं रोज विचारत, म्हणून तिथल्या पाद्र्याने गाडीच्या चाकावर रविवारच्या मोठ्या आणि बाकी दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या. छापील कॅलेंडर विसाव्या शतकाच्या आरंभीचं. दोन्हींचा हेतू एकच होता, लहान मुलाला दिवस मोजता यावेत. आज बाजारात मिळणाऱ्या कॅलेंडरात प्रत्येक खिडकीमागे चॉकलेट असतं. त्यात मूल वाट बघत नाही, रोज वसूल करतं. पुठ्ठ्यावर २४ चौकोन काढून रोज एक रंगवला तरी पुरतं.

फराळाचं घराघरांत वेगळं. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, मार्झिपान. कुलकुलच्या पिठाच्या गोळ्या काट्याच्या पाठीवर वळायचं काम मुलांचंच, आणि ते वाकडेतिकडे झाले तरी तळल्यावर चालतात. गोव्यात शेजाऱ्यांकडे ताटं पाठवली जातात, वसई-मुंबईतही. कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याकडे ताट घेऊन मूल पाठवावं. दिवाळीला तिकडून आलेलं असतंच.

नगर, पुणे, मुंबईच्या मराठी प्रोटेस्टंट घरांची वाट वेगळी आहे. ती इथे थोडक्यातच येते, पण तिच्या मुळाशी एक विलक्षण गोष्ट आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकी मिशनरी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या, प्रोटेस्टंट मंडळ्यांचे होते, आणि त्या मंडळ्या नाताळ पाळतच नसत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा केल्यास पाच शिलिंग दंड होता. तिथे ती अधिकृत सुट्टी झाली १८५६ मध्ये. १८२० च्या दशकात आलेले स्कॉटिश मिशनरीही तशाच परंपरेतले. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ पासून. म्हणजे ज्यांनी आपल्या पणजोबांच्या हाती मराठी शुभवर्तमान दिलं, त्यांच्यापाशी घरातल्या नाताळाचा फारसा वारसाच नव्हता. पुढे नाताळ आला तो इथल्या लोकांनी गाण्यांतून उभा केला. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग-ओवीच्या चालीत भक्तिगीतं लिहिली आणि ती घरोघरी गेली. नगरकडच्या घरांत मुलाचा नाताळ आजही गाण्यांच्या फेरीने सुरू होतो, गोठा नंतर येतो.

नाताळबाबा, म्हणजे सांता, हा पाहुणा आपल्या घरांत खूप उशिरा शिरला. त्याआधी लहान मुलाला मिळायचे ते शिंप्याकडून शिवून आणलेले नवे कपडे. भेटवस्तू कोण आणतं हा वाद युरोपात सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ निघाले त्या, काळापासून आहे. संत निकोलसच्या ६ डिसेंबरच्या भेटी बंद करून ल्यूथरच्या अनुयायांनी त्या नाताळच्या रात्री बाळ ख्रिस्ताच्या नावे देणं सुरू केलं, म्हणजे मुलाचं लक्ष संतांवरून ख्रिस्ताकडे वळावं. आपल्याला त्या भांडणात पडायचं कारण नाही. मात्र मुलाच्या वतीने कुणाला काय द्यायचं हेही त्याच रात्री ठरवावं, एवढं मला वाटतं.

हा काळ संपतो कधी, हेही आईबापांना अनेकदा ठाऊक नसतं. २६ तारखेला तारा उतरवण्याची घाई नको. १९६९ च्या उपासना-पंचांगानुसार नाताळ काळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण भारतात २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी होतो. गोव्यात मात्र ६ जानेवारीला कासावली, चांदर आणि रेइश मागूश इथे लहान मुलगेच मुकुट घालून राजे होतात. कासावलीला ते घोड्यावर बसून टेकडीवरच्या चॅपेलकडे निघतात. आपल्या घरातले तीन राजे तोवर गोठ्यापासून दूर, खिडकीवर किंवा फडताळावर ठेवावेत आणि मुलाने रोज त्यांना एकेक वीत पुढे सरकवावं. काही जुन्या घरांत गोठा २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला उतरवतात, आणि त्यात चूक काही नाही.