तुळस मान टाकते त्याआधी पानात काय घडतं?

एप्रिल लागला की पुण्यातल्या गच्च्यांवर तुळशी माना टाकू लागतात आणि ‘तुळस सुकली म्हणजे घरावर संकट’ असे मेसेज फिरू लागतात. संकट घरावर नसतं, कुंडीवर असतं. दुपारी मलूल झालेली तुळस संध्याकाळी सावरली, तर काळजीचं कारण नाही. पहाटेही ती मलूलच असेल, तर मातीत दोन इंच बोट घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर बहुधा तळाचं भोक तुंबलंय, मुळांना हवा मिळत नाही. अशा वेळी आणखी पाणी घातलं तर मुळं कुजतात.

पण मान टाकण्याच्या कितीतरी आधी झाडाचा बचाव सुरू झालेला असतो. पानावरच्या प्रत्येक पर्णरंध्राला, म्हणजे ज्यातून वाफ बाहेर जाते त्या सूक्ष्म छिद्राला, दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडतं, सैलावल्या की मिटतं. पाणी कमी पडलं की अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि रंध्रं मिटतात, इथवर शाळेतही शिकवतात. खरी गंमत मधल्या पायऱ्यांत आहे.

तिथे काम करतं फॉस्फोरिलेशन. एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूच्या टोकाचा फॉस्फेट काढून तो प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर बसवायचा. बसवणारी विकरं म्हणजे कायनेज, काढणारी फॉस्फेटेज. प्रथिनाचं वजन जेमतेम ८० डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) वाढतं, पण सोबत ऋण विद्युतभार येतो आणि प्रथिनाचा आकार, पर्यायाने कामही बदलतं. माणसात सुमारे ५०० कायनेज आहेत. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या इवल्याशा रोपात जवळपास १०००!

रक्षक पेशीत ओएसटी-१ नावाचं कायनेज असतं. एरवी पीपी२सी गटातलं फॉस्फेटेज त्याला बिलगून राहतं आणि त्याच्या १७५ क्रमांकाच्या सेरीनवरचा फॉस्फेट काढत राहतं. म्हणजे ब्रेक कायम दाबलेला. अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढलं की ते पीवायआर/पीवायएल या, संप्रेरक ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनाच्या पोकळीत शिरतं आणि पोकळीच्या तोंडावरचा प्रथिनाचा वेढा त्यावर मिटतो. मिटल्यावर तयार झालेला पृष्ठभाग पीपी२सीच्या नेमक्या त्याच खाचेत जाऊन बसतो, जिथे एरवी ओएसटी-१ असतं. फॉस्फेटेज अडकलं, ब्रेक सुटला! आता १७५व्या सेरीनवर फॉस्फेट टिकतो आणि ओएसटी-१ जागं होऊन एसएलएसी-१ या आयन-मार्गिकेवर, म्हणजे पेशीच्या पटलातल्या विद्युतभारित कणांच्या दारावर, फॉस्फेट चढवतं. मार्गिका उघडते, क्लोराइड आणि नायट्रेट बाहेर पडतात, पटलाचा विद्युतदाब बदलतो, मग पोटॅशियम बाहेर, त्यामागोमाग पाणी. रंध्र मिटतं. नवं प्रथिन बनवायची वाट पाहावी लागत नाही, म्हणून सगळं काही मिनिटांत उरकतं. हे ग्राहक प्रथिन २००९ मध्ये हाती लागलं, तेव्हा कुठे ही साखळी जुळली.

यातली एक कडी बिघडली तरी झाड फसतं. एबीआय१-१ या उत्परिवर्तित रोपात फॉस्फेटेजमधलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ग्राहकाला ते पकडता येत नाही, आणि संप्रेरक भरपूर असूनही रोप कोमेजतं. ओएसटी-१ नसलेली रोपं तर इन्फ्रारेड कॅमेऱ्याने शोधली गेली: रंध्रं उघडी, बाष्पीभवन चालू, म्हणून पान शेजारच्यांपेक्षा थंड.

‘फॉस्फरस द्या, पीक ताण सोसेल’ ही जाहिरात या विज्ञानाच्या नावावर खपवू नये. फॉस्फरसची कमतरता असेल तर खत जरूर द्यावं; पण कोणतं कायनेज कधी मोकळं होणार, हे खताच्या गोणीवर ठरत नाही.

प्रथिनांवर बसलेले हे फॉस्फेट प्रयोगशाळेत मोजायचे तर घाई लागते. पान तोडणं हीच जखम. तिने एमएपी कायनेज हा कायनेजांचा दुसरा गट काही मिनिटांत जागा होतो आणि दुष्काळाऐवजी कात्रीचा परिणाम मोजला जातो. म्हणून पान तोडताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचं, गोठलेलंच कुटायचं आणि द्रावणात सोडियम फ्लोराइडसारखे फॉस्फेटेज-रोधक आधीच घालून ठेवायचे. पूड मध्येच वितळली तर फॉस्फेटेज जागी होऊन खुणा पुसून टाकतात. पुढे ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराने प्रथिनांचे तुकडे करून फॉस्फेटवाले टायटॅनियम डायऑक्साइडवर वेगळे काढायचे. ते इतके विरळ असतात की ही पायरी गाळली तर मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात बाकीच्यांच्या गर्दीत दिसतच नाहीत.