ओ गटाची आई, एबी गटाचं मूल

बारावीच्या जीवशास्त्रात आनुवंशिकतेचा धडा आला की रक्तगटाचं गणित येतंच. आई ओ, वडील ए. मूल एबी असू शकेल का? अपेक्षित उत्तर ‘नाही’. ओ गटाच्या आईकडे द्यायला ना ए ना बी, वडिलांकडे बी नाही, मग मुलाकडे बी येणार कुठून? गुण मिळतात आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

उत्तर चुकीचं नाही. पण त्याला एक अपवाद आहे आणि तो जगभर मुंबईच्या नावानं, ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे निदान आपल्याकडच्या विद्यार्थ्यानं तरी इथे थोडं रेंगाळायला हरकत नाही.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. लेखकांमध्ये सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया होते, शिवाय लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स हेही होते. मुंबईत काही माणसांचं रक्त तपासणीत ओ गटासारखं दिसत होतं. पण त्यांचं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणारा द्रव, ओ गटाच्या पेशींशीही जुळेना, मिसळलं की पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होत. ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं, असं आपण शाळेपासून ऐकतो. या माणसांना तेच चालत नव्हतं. पुढे १९५५ मध्ये फिलिप लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी इटालियन वंशाच्या एका कुटुंबाची हकिगत छापली. त्यात आई तपासणीत ओ होती आणि मूल मात्र एबी. म्हणजे आपला परीक्षेतला ‘अशक्य’ प्रश्न घरी नांदत होता!

हे समजून घ्यायला आनुवंशिकतेचा धडा पुरत नाही, पेशीचा धडा उघडावा लागतो. दोन धड्यांमध्ये आपण इतकं अंतर ठेवतो की एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल असं मुलांना वाटतच नाही.

रक्तगट म्हणजे लाल पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करांच्या साखळ्यांची टोकं. पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांना आणि मेदांना या साखळ्या जोडलेल्या असतात. शेवटच्या शर्करा चिकटवण्याचं काम गॉल्जी पिंडात चालतं. तिथल्या पटलात विकरं, म्हणजे एन्झाइम्स, रोवलेली असतात आणि प्रत्येक विकर एक ठरावीक शर्करा लावतं. आधी एका विकरानं साखळीच्या टोकाला फ्युकोज लावलं की तयार होतो एच प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडं जिला ओळखतात अशी एक खूण. या विकराचं जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे, त्याचं नाव एफयूटी१. मग ए गटाचं विकर त्या एचवर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसअमाइन चढवतं, बी गटाचं विकर गॅलॅक्टोज चढवतं. ही दोन्ही विकरं एकाच जनुकाच्या दोन रूपांतून येतात आणि ते जनुक ९व्या गुणसूत्रावर आहे. ३५४ अमिनो आम्लांच्या साखळीत ए आणि बी या विकरांमध्ये फक्त चार जागी फरक आहे. ओचं नेहमीचं रूप आणखी मजेदार: जनुकातलं एकच अक्षर गळालेलं असतं, त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं, प्रथिन अर्धवट राहतं आणि काहीच लावत नाही. म्हणून ओ गटाच्या पेशीवर एच तसाच उघडा राहतो. ए किंवा बी गटाच्या पेशीपेक्षा ओ गटाच्या पेशीवर एच जास्त सापडतो, तो त्यामुळेच.

एच ही खुंटी आहे असं समजा. खुंटीच नसेल तर ए किंवा बीची टोपी अडकवणार कुठे? ज्या माणसाला आई आणि वडील दोघांकडून एफयूटी१चं बिघडलेलं रूप मिळालंय, त्याच्याकडे ए किंवा बीचं जनुक धडधाकट असलं, विकर तयार होत असलं, तरी त्या विकराला काम मिळत नाही. पेशीवर ए नाही, बी नाही, एचही नाही. म्हणून शरीर एचलाही परकं समजतं आणि सीरममध्ये त्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात; ओ पेशींवर एच उघडाच असल्यानं त्या चिकटतात. स्लाइडवर हे रक्त ओ दिसतं.

आता ती आई पुन्हा पाहा. तिच्याकडे बीचं जनुक आहे, पण एचची दोन्ही रूपं बिघडलेली, म्हणून तपासणीत ओ. मुलाला तिच्याकडून बी मिळाला, वडिलांकडून ए मिळाला आणि एचचं एक चांगलं रूपही वडिलांकडूनच मिळालं. एच पुरवायला एक चांगलं रूप पुरतं. मूल एबी. मेंडेलचा एकही नियम मोडला नाही, फक्त तपासणीचा निकाल म्हणजेच जनुकांचा संच, हे आपण गृहीत धरलं होतं.

एका जनुकानं दुसऱ्याचा परिणाम झाकून टाकणं, हा प्रकार परीक्षेत बहुधा फुलांच्या रंगावर विचारतात. माझ्या मते इथे तो जास्त चांगला विचारता येतो. आई आणि वडील दोघंही एबी, दोघांकडेही एचचं एक चांगलं आणि एक बिघडलेलं रूप. दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, त्यामुळे वाटप स्वतंत्र. सोळा घरांची चौकट काढा: ए ३, एबी ६, बी ३ आणि ‘ओ’सारखे दिसणारे ४. दोन जनुकांसाठी मेंडेलचं नऊ-तीन-तीन-एक प्रमाण पाठ केलेल्याला ३:६:३:४ पाहून ठेच लागते, ती लागलेली बरी.

आणखी एक प्रश्न मला परीक्षेत पाहायला आवडेल. लाल पेशीत केंद्रक नाही, गॉल्जी पिंड नाही, मग तिच्यावरचा रक्तगट ठरवला कुणी? ही पेशी अस्थिमज्जेत घडत असताना तिच्याकडे केंद्रक असतं आणि बाकी यंत्रणाही असते. साखळ्या तेव्हाच लागतात. नंतर केंद्रक बाहेर टाकलं जातं आणि ती पेशी त्या साखळ्या घेऊन सुमारे १२० दिवस फिरते.

तपासणीच्या टेबलावर हा गट निसटतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. रक्ताच्या एका थेंबात अँटी-ए, म्हणजे एविरुद्धची प्रतिपिंडं, दुसऱ्यात अँटी-बी टाकतात. दोन्हीकडे काहीच चिकटत नाही, की लिहितात ओ. उलट तपासणीत माणसाचं सीरम ए आणि बी पेशींबरोबर मिसळतात, दोन्ही चिकटतात, पुन्हा ओ. फरक कळायला तिसरी नळी लागते, ओ पेशींची. खऱ्या ओ माणसाच्या सीरममध्ये त्या मोकळ्या राहतात, या गटात चिकटतात. खात्री करायला युलेक्स नावाच्या झुडपाच्या बियांतलं एचला चिकटणारं प्रथिन वापरतात. ही तिसरी नळी राहिली आणि रक्त जुळवून पाहण्याची पायरीही घाईत गाळली, तर ओची पिशवी चढवल्यावर दात्याच्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. एचविरुद्धची प्रतिपिंडं शरीराच्या तापमानाला चांगली काम करतात. तसं या माणसांचं रोजचं आयुष्य अगदी निरोगी असतं, अडचण येते ती रक्त चढवायच्या वेळीच.

भारतात दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक, असे ढोबळ आकडे दिले जातात. त्या दहा हजारांतल्या एकातून एक गणित निघतं. लग्नं नात्याबाहेर होतात असं धरलं, तर बिघडलेल्या रूपाचं प्रमाण निघतं शंभरात एक. एकच बिघडलेलं रूप बाळगणारे मग जवळपास पन्नासात एक होतात, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात एखादा तरी. त्यांना याचा पत्ता लागण्याचं कारणच नाही. असा माणूस परक्या घरात लग्न करतो तेव्हा मूल बॉम्बे गटाचं असण्याची शक्यता २००त १ येते. मामेबहिणीशी लग्न केलं तर मात्र तेच रूप तिच्याकडेही असण्याची शक्यता ८त १, म्हणून मुलासाठी सुमारे ३२त १. आतेभाऊ-मामेबहिणीच्या लग्नाची आपल्याकडची जुनी पद्धत लक्षात घेतली, की हा गट पहिल्यांदा इथेच का डोळ्यांत भरला याचा अंदाज येतो.

आणि असा रुग्ण टेबलावर असताना रक्त कुणाचं घ्यायचं? आईवडिलांचं बहुतेक चालत नाही, कारण त्यांच्याकडे सहसा एचचं एक चांगलं रूप असतं. मुलांचंही तेच. सख्ख्या भावंडांत मात्र प्रत्येकाची शक्यता चारात एक असते, म्हणून रक्तपेढी आधी भाऊ-बहिणींना तपासायला बोलावते.