‘दिन’, ‘दीन’ आणि दुसरी वेलांटी

श्रुतलेखन घालताना ‘दिन’ मुद्दाम आखडून आणि ‘दीन’ लांबवून सांगणारे गुरुजी वर्गाबाहेर ‘शिक्षक दिन’ म्हणतात तेव्हा ‘दि’ दीर्घच उच्चारतात. शब्द अकारान्त असला की त्यातला शेवटून दुसरा इकार किंवा उकार मराठी तोंडात आपोआप लांबतो. त्यामुळे अक्षराच्या ध्वनीवरून लेखन शिकवण्याची पद्धत बाराखडीत चालते आणि पहिल्याच धड्यात अडते. दिन-दीन, सुत-सूत, शिर-शीर या जोड्या मुलांकडून पाठ करून घ्याव्या लागतात त्या यामुळेच.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. तो प्रश्न काटेकोर झाला तो छापील बालबोधीमुळे, म्हणजे देवनागरीमुळे.

आज शाळेत शिकवले जाते ते लेखन 1962च्या शासनमान्य चौदा नियमांवर उभे आहे. 1972 मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. या नियमांनी उच्चाराची बाजू घेतली खरी, पण अर्धीच. शब्दाच्या अखेरीस ‘कवि’, ‘गुरु’ जाऊन ‘कवी’, ‘गुरू’ आले, समासात मात्र ‘कविराज’ आणि ‘गुरुदक्षिणा’ राहिले. ‘पाणि’ म्हणजे हात हा शब्दही सुटा लिहिताना पिण्याच्या ‘पाणी’सारखाच झाला. शेवटून दुसऱ्या अक्षराबाबत तर मराठी शब्दाला एक न्याय आणि संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दाला दुसरा. ‘गूळ’ दीर्घ आणि ‘गुण’ ऱ्हस्व. कानाला दोन्ही सारखेच. शिवाय ‘गूळ’ला प्रत्यय लागला की ‘गुळाला’. आठ वर्षांच्या मुलाने शब्दाचे कूळ ओळखावे, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

अनुच्चारित अनुस्वार काढण्याचा निर्णय तेवढा सरळ होता, आणि मुलांना त्याचा फायदाच झाला. ‘नांव’ आणि ‘नाव’ यांतला फरक डोळ्यांना दिसे, कानाला नाही. आता नाव सांगायचे की नदीत सोडायची, हे वाक्यावरून कळते आणि कोणाचे अडत नाही. मग ‘दिन’ आणि ‘दीन’ यांनाही हीच सवलत का मिळू नये, या प्रश्नावरचा वाद अजून मिटलेला नाही.

2009 मध्ये शासनाने प्रमाण वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान दिले, त्यामुळे ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतले स्वर मुळाक्षरांतच भेटू लागले. ‘जरा थांब’ यातला ‘ज’ आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’तला ‘ज’ यांचे ध्वनी वेगळे असूनही अक्षर मात्र एकच राहिले.