जॉर्ज आणि लेनी : निष्ठा वेगळी, सांभाळ वेगळा

'जॉर्ज लेनीशी एकनिष्ठ आहे, म्हणून त्याला जपतो.' जॉन स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) या छोट्या कादंबरीवर लिहिताना हे वाक्य हमखास येतं. जॉर्ज आणि लेनी हे तिच्यातले दोन भटके शेतमजूर; लेनी अंगाने प्रचंड ताकदवान, पण बुद्धीने लहान मुलासारखा. गडबड त्या वाक्यातल्या 'म्हणून'मध्ये आहे.

निष्ठा म्हणजे साथ न सोडणं. सांभाळ म्हणजे समोरच्याला इजा होऊ न देणं, आणि लेनीच्या बाबतीत त्याच्या हातून ती होऊ न देणंही. ओळखायची खूण सोपी आहे: प्रसंगातला धोका मनातल्या मनात काढून टाका. तरीही उरते ती निष्ठा.

सांभाळ कामांतून दिसतो. लेनीचं कामाचं कार्ड जॉर्ज स्वतःच्या खिशात ठेवतो, कारण लेनी ते हरवणार. मालकासमोर त्याला बोलू देत नाही. हा माझा चुलतभाऊ, लहानपणी घोड्याने डोक्यात लाथ मारली, अशी थाप मारतो. काही बिनसलं तर नदीकाठच्या झुडपात लपायचं, हे आधीच घोकून घेतो. निष्ठेला मात्र अक्कल किंवा ताकद लागत नाही, त्यामुळे ती दुबळ्याकडेही असते. सॉस असता तरी मी खाल्ला नसता, सगळा तुझ्यासाठी ठेवला असता, असं लेनी म्हणतो. इथे धोका कुठलाच नाही.

दोन्ही एकमेकांशिवाय असू शकतात, हे बाकीच्या पात्रांत स्पष्ट दिसतं. मळ्यावरचा म्हातारा कँडी कुत्र्याला पिल्लापासून वाढवतो, पण दुसरा मजूर कार्लसन त्याला गोळी घालायला नेतो तेव्हा अडवू शकत नाही. आढ्याकडे बघत पडून राहतो. निष्ठा पुरी, सांभाळ शून्य. मळ्यावर खेचरं हाकणाऱ्या स्लिमचं उलट. लेनीशी त्याची ओळख धड एका दिवसाचीही नाही, तरी मालकाचा मुलगा कर्ली लेनीवर तुटून पडतो आणि लेनी त्याचा हात चिरडतो, तेव्हा हात यंत्रात सापडला असंच सांगायचं, हे स्लिम कर्लीकडून कबूल करून घेतो आणि लेनीची नोकरी वाचते.

त्याच मारामारीत जॉर्ज चुकतो. लेनी मार खात असतो, हात उचलत नाही. स्लिम मध्ये पडायला उठतो, तर जॉर्ज त्यालाच धरून ठेवतो आणि लेनीला म्हणतो, धर त्याला. मित्राची बाजू घेतली, पण त्याच्या ताकदीचा लगामही सोडला. मग कर्लीचा हात सोडवायला लेनीच्याच तोंडावर चापट्या मारायची पाळी येते. हात चिरडलेला, आणि लेनीचं म्हणणं एवढंच की तूच सांगितलंस. हा प्रसंग सरसकट 'जॉर्जने लेनीला वाचवलं' म्हणून लिहिला जातो. मला तो सांभाळ फसल्याचा नमुना वाटतो.

शेवटी लेनीच्या हातून कर्लीच्या बायकोचा जीव जातो आणि जमाव त्याच्या मागे लागतो. जॉर्ज कार्लसनचंच पिस्तूल घेतो आणि कार्लसनने कुत्र्यासाठी दाखवलेल्या जागीच, लेनीच्या डोक्याच्या मागे, नेम धरतो. जमावाच्या हातून होणाऱ्या हालांपासून सुटका, एवढाच सांभाळ आता उरलाय. निष्ठा मात्र त्याआधीच्या बोलण्यात आहे: नदीपलीकडे बघायला सांगून तो त्यांच्या जमिनीची, सशांची गोष्ट पुन्हा ऐकवतो. कुत्र्याला आपणच मारायला हवं होतं, परक्याला मारू द्यायला नको होतं, ही कँडीची हळहळ त्याने ऐकलेली असते. कार्लसनला यातलं काहीच कळत नाही. जॉर्ज आणि स्लिम निघून जाताना तो विचारतो, यांना झालंय तरी काय?